निळ्या फियाटला मेणाचे तीन हात

आरसी बुकात प्रीमियर पद्मिनी असं लिहिलंय, पण आमच्या घरात, गल्लीत, गॅरेजात ती फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1988 साली निघालेली. अण्णांनी मधे एकदाच, धाकट्याच्या लग्नाआधी, तिला नवा रंग मारून घेतला होता. गडद निळा. दर वर्षी दसऱ्याच्या आधी दोन दिवस अण्णा ती धुवायचे, मग जुन्या धोतराचं फडकं घेऊन तिला पॉलिश करायचे आणि त्या दोन दिवसांत दुसरं कुठलंही काम त्यांना सांगायची सोय नसायची.

2024 च्या सप्टेंबरअखेरीला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धूळ, डोळ्यात पाणी जाणं, वाकणं, सगळं महिनाभर बंद. दसरा होता 12 ऑक्टोबरला. "या वर्षी राहू दे गाडीचं," अण्णा म्हणाले. ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला सहन झाला नाही. मी करते म्हणाले.

तोवर मी त्या गाडीला पाण्याचा पाइप धरण्यापलीकडे कधी हात लावला नव्हता. रंगाची अवस्था मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. दारावरून तळवा फिरवला की तळव्याला निळसर पूड लागत होती, खडूची लागते तशी. टप तर पार पांढुरका पडला होता. बॉनेटवर मागच्या दसऱ्याला आईने काढलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकाचा गुलाबी डाग अजून होता. उन्हाने मेलेला रंग टिपकागदासारखा असतो, ओलं कुंकू त्यात मुरतं आणि मग कितीही धुतलं तरी जात नाही.

भावाने पुण्याहून मेणाचा डबा आणून दिला. दोनशे ग्रॅम, पिवळसर, उघडल्यावर आधी खोबऱ्यासारखा आणि मागून टर्पेंटाइनचा वास. वर लिहिलेलं 'कार्नाउबा'. हा शब्द मला नवा नव्हता. मी बारा वर्षं औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या कोटिंगला होते. फिल्म कोटिंग झालं, गोळ्या वाळल्या, की शेवटी पॅन हळू फिरवत त्यात याच मेणाची भुकटी टाकायची. क्विंटलभर गोळ्यांना काही ग्रॅम. पाच-दहा मिनिटं गोळ्या एकमेकींवर घासल्या जातात आणि मंद दिसणाऱ्या गोळ्या काचेसारख्या उजळतात. चॉकलेटच्या रंगीत गोळ्यांवरची चकाकीही बहुधा याच मेणाची असते.

हे मेण येतं ब्राझीलच्या ईशान्येकडच्या सिआरा, पियाउई या भागांतून. तिथे कार्नाउबा नावाचं ताडाच्या कुळातलं झाड आहे. पाऊस नसलेल्या लांबलचक महिन्यांत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड आपल्या पानांवर मेणाचा थर धरतं. पानं कापून वाळवायची, झोडपायची, पडलेली भुकटी वितळवून गाळायची. झाडाने आपल्या पानासाठी केलेली सोय आपण गाडीच्या पत्र्यासाठी वापरतो, ही गोष्ट मला कारखान्यातही आवडायची आणि आजही आवडते. मधमाश्यांचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, हे 82 ते 86 अंशांना. निसर्गात मिळणाऱ्या मेणांत इतकं कडक मेण दुसरं नाही. आमच्याकडे पोत्यात यायचे त्याचे तुकडे बोटांत धरून दाबले तरी वाकायचे नाहीत, तडकायचे. म्हणून डब्यावर 'शंभर टक्के शुद्ध' लिहिलेलं असलं तरी त्यावर जाऊ नये. शुद्ध कार्नाउबा लोण्यासारखं पसरतच नाही. ते मऊ व्हावं म्हणून त्यात दुसरी मऊ मेणं, तेलं आणि टर्पेंटाइनच्या जातीचा उडून जाणारा द्राव घातलेला असतो. तो द्राव उडाला की मागे मेणाचा पापुद्रा राहतो. पुढे माझी जी फजिती झाली आणि जी उमज पडली, ती दोन्ही या द्रावामुळेच.

2 ऑक्टोबरची सुट्टी धुण्यात आणि घासण्यात गेली. दोन बादल्या घेतल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं गाडीवरून एकदा फिरलं की आधी साध्या पाण्यात झटकायचं, मग शाम्पूत बुडवायचं. माती गाडीवर परत जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू. बोअरचं पाणी मुद्दाम वापरलं नाही, वाळताना त्याचे पांढरे ठिपके पडतात. मग क्ले, म्हणजे धुऊनही रंगावर चिकटून राहिलेली कच ओढून घेणारा मातीसारखा लगदा. मळलेल्या कणकेएवढा मऊ गोळा, हातात चपटा करून, शाम्पूच्या पाण्याने पत्रा ओला ठेवत हलकेच फिरवायचा. आधी खरखर ऐकू येते, बोटांना जाणवते, आणि दहा-बारा फेऱ्यांत ती बंद होते. प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून धुतलेल्या पत्र्यावरून बोटं फिरवून बघा, नुसत्या बोटांना न कळलेली कच पिशवीतून कळते. गोळा दर थोड्या वेळाने घडी घालून नवी बाजू वर काढायची. माझा गोळा टप होईतो निळा झाला होता.

निळा का, तर या गाडीच्या रंगावर क्लिअर कोट नाही. आताच्या गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर असतो, तिथे फडक्यावर रंग आला तर घाबरायचं कारण असतं. जुन्या रंगाला वर काहीच नसतं, आपण घासतो ते थेट रंगालाच. त्यामुळे सौम्य पॉलिश घेऊन मी बॉनेट घासायला लागले आणि दोन मिनिटांत पांढरं फडकं निळीत बुडवल्यासारखं झालं, तेव्हा छातीत धस्स झालं. व्हरांड्यात खुर्चीवर बसलेल्या अण्णांनी काळा चष्मा जरा वर करून विचारलं, "किती निळं?" मी फडकं धरून दाखवलं. "मग मेलेला रंग निघतोय. फक्त कडा सोड. कडेला रंग पातळ असतो, खालचा प्रायमर वर येईल."

तेव्हापासून मी बॉनेटच्या मधली घडी, मागच्या मडगार्डांचे ते दोन पंख, दारांच्या कडा, सगळीकडे आधी मास्किंग टेप लावली. रबरी बिडिंगवर आणि क्रोमच्या अक्षरांभोवतीही. ती टेप पुढे मेण लावतानाही उपयोगी पडली, कारण मेण काळ्या रबरात शिरलं की पांढरं वाळतं आणि निघता निघत नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही खांदे भरून आले, पण पुडीखालचा निळा वर आला होता. ओल्या शाईचा असतो तसा. स्वस्तिकाचा डागही गेला. मेण लावायच्या आधीच गाडी चमकत होती, हे मी ठासून सांगते. मेणाने चमक आणली असं पुढे ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांना मी हेच सांगितलं. चमक घासण्याने येते. मेण तिच्यावर थोडी खोली आणतं, ऊब आणतं, आणि मुख्य म्हणजे ती टिकवतं.

रविवारी, 6 तारखेला, मेण लावायला घेतलं. आणि चुकले.

सकाळी घरचं आवरून, नवरात्राचा नैवेद्य उरकून गाडीकडे यायला अकरा वाजले. ऑक्टोबरचं ऊन. शेडखाली गाडीचा मागचा भाग येतो, बॉनेट बाहेर राहतं. पत्रा हाताला गरम लागत होता, तरी मी म्हटलं चालेल. फोमच्या गोल पॅडवर बोटभर मेण घेतलं आणि लावलं. लावताना इतकं छान वाटत होतं! निळ्यावर पांढरी साय चढत होती, जिथे कमी दिसेल तिथे आणखी लावत होते. इतक्या वर्षांचा रुक्ष पत्रा, त्याला भरपूर मिळू दे, असं मनात होतं. आख्खी गाडी, चारी दारं, डिकी, सगळं एका दमात लावून मगच पुसायला घेतलं, आणि मेण हलेना. बॉनेटवर ते सिमेंटसारखं बसलं होतं. जोर लावला तर फडकं अडत होतं, जिथे सुटत होतं तिथे तेलकट पट्टे राहत होते, उजेडात इंद्रधनुषी दिसणारे. अर्ध्या तासात मी फक्त एक मडगार्ड पुसू शकले आणि तेही वाईट.

बारा वर्षं जे मेण मी चमच्याने मोजून टाकलं, ते पत्र्यावर मी मुठीने थापलं होतं. रात्री स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवला. आणला त्या दिवशी उत्सुकतेपोटी तोलून ठेवला होता, म्हणून कळलं. एका हातात 58 ग्रॅम गेले होते.

त्याच दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी राहणारे पेंटर काका आले होते. डेंटिंग-पेंटिंगमध्ये त्यांचा जन्म गेला आहे, आमच्या फियाटचा निळाही त्यांच्याच हातचा. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "ताई, लई लावलासा. लांबी भरल्यागत भरलंय." लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुटी. मग नखाने मेण खरवडून बघितलं. "आता घासू नगा. घासलं तर ओरखडं पडतील. ह्येच मेण परत घ्या, बारीक. एक फूटभर जागेत लावा आनि लगेच पुसा, वाळू द्यायचं न्हाई."

मला ते उलटं वाटलं. आधीच जास्त झालंय, त्यावर आणखी? पण बॉनेट सावलीत येईल अशी गाडी ढकलून घेतली, पत्रा थंड होईतो थांबले आणि पाच वाजता पॅडला नुसतं टेकवल्यासारखं मेण घेऊन एका कोपऱ्यात फिरवलं. दगडासारखं बसलेलं खालचं मेण मऊ झालं आणि फडक्याच्या एका फेऱ्यात निघून आलं. खालून स्वच्छ निळा.

ताज्या मेणातल्या द्रावाने खालचं वाळलेलं मेण विरघळवलं होतं. त्या क्षणी मला दुसरी गोष्टही दिसली. भावाने सांगितलं होतं, पाच-सहा थर दे, एकावर एक, थर वाढला की चकाकी वाढते. पण दुसरा हात मारताना पहिला विरघळत असेल तर थर वाढणार कसा? आमच्या कोटिंग पॅनमध्ये हेच असायचं. आधीचा फवारा वाळायच्या आत पुढचा मारला की गोळ्यांची साल निघायची, एकीला एक चिकटायची. तिथे आम्ही हवा गरम करून, फवारा कमी करून, वाट पाहून थर बसवायचो. इथे गरम हवा नाही, फक्त वाट पाहणं हातात आहे. हाताचा जोर कमी ठेवणं हातात आहे. आणि एवढं करूनही थर विटांसारखे रचले जाणार नाहीत, हे मान्य करायचं.

मग दुसरा हात मारायचा कशासाठी? हे मला गुडघ्यावर बसून दाराचा खालचा भाग पुसताना समजलं. तिरप्या उजेडात पाहिलं तर माझ्या पॅडने सोडलेल्या जागा दिसत होत्या. हँडलच्या खाली, आरशाच्या बुडाशी, पंखांच्या आतल्या वळणात. हात कितीही मन लावून फिरवला तरी काही राहतंच. दुसरा हात त्या राहिलेल्या जागांसाठी, बस.

त्या संध्याकाळी सगळं मेण काढत काढत जे मागे राहिलं, तोच पहिला हात धरला. टपावर मात्र मी मास्किंग टेपने लांबीच्या दिशेने तीन पट्ट्या आखल्या. डाव्या पट्टीला एकच हात द्यायचा, मधल्या पट्टीला दोन, उजवीला तीन. कारखान्यातली सवय. अण्णांना ही कल्पना भारी आवडली, त्यांनी कुठली पट्टी कुठली ते कॅलेंडरवर लिहून ठेवायला लावलं.

बुधवारी संध्याकाळी दुसरा हात. मधे तीन रात्री गेल्या होत्या, चोवीस तास पुरले असते असं मला वाटतं. या वेळी घाई नव्हती. पॅड आधी पाण्याने किंचित ओला करून पिळून घेतला. डब्यात पॅड ठेवून मनगटाने अर्धा फेरा फिरवला, त्यावर जेवढं आलं तेवढंच. दोन बाय दोन फुटांची जागा, छोटे गोल एकमेकांत अडकवत, तळव्याचं वजन न टाकता. लावल्यावर मेण दिसत नव्हतं म्हटलं तरी चालेल. कडेने डोळा लावून पाहिलं तर काचेवर श्वास सोडल्यावर येतं तेवढं धुकं. मग वाट पाहायची. बोट ओढून बघायचं. बोटामागे मेण फरफटलं तर अजून ओलं आहे, स्वच्छ चकचकीत रेघ उमटली की पुसायला घ्यायचं. रविवारच्या उन्हात ते क्षणात वाळलं होतं. बुधवारी मात्र विजा कडाडून एक जोराची सर येऊन गेली होती, हवा दमट, पंधरा मिनिटांचं काम चाळीस मिनिटांवर गेलं. मी आईने आणून दिलेला चहा पिऊन, परत येऊन बोट ओढलं, आणखी थांबले. डब्यावरच्या मिनिटांपेक्षा बोटावर विश्वास ठेवावा, हे माझं मत तिथे पक्कं झालं.

पुसायला दोन मायक्रोफायबरची फडकी. पहिल्याने फक्त मेण उचलायचं, दाबायचं नाही, चार घड्या घालून दर दारामागे घडी बदलायची. दुसऱ्या कोरड्या, जाड फडक्याने सरळ रेषेत शेवटचं फिरवायचं. पहिल्या फडक्याने पुसताना किंचित ओढ लागते, दुसऱ्याने पुसताना ती ओढ सुटते आणि फडकं हातातून निसटून पुढे जातं. बॉनेटवर ते पहिल्यांदा निसटलं तेव्हा मी तिथेच थांबले. पुढच्या पत्र्यात शेडचा अख्खा पत्रा, त्याचे खिळे, मधला दिवा, सगळं ओळीने दिसत होतं, आणि कडेला अण्णांची खुर्ची.

अण्णा उठून आले. डोळ्याला जवळून अजून नीट दिसत नव्हतं. त्यांनी हात पालथा करून बोटांच्या मागच्या बाजूने दार तपासलं, वरून खाली, मग हँडलखाली. हँडलखाली थांबले. "इथे राहिलंय." मी वाकून पाहिलं. दोन बोटं रुंदीची जागा, दोन्ही हातांत सुटलेली. बरोबर. मी म्हटलं, "अण्णा, कळलं कसं तुम्हाला?" ते म्हणाले, "इथे माझंही दर वर्षी राहायचं."

डबा तोलला. दुसऱ्या हाताला आख्ख्या गाडीला 11 ग्रॅम लागले होते.

तिसरा हात शुक्रवारी पहाटे, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, फक्त बॉनेट, डिकी आणि टपाची उजवी पट्टी. त्याने दिसण्यात काही फरक पडला असं मला वाटलं नाही. मन भरलं, एवढंच. टेपा काढल्या. एका ठिकाणी बिडिंगवर पांढरं उतरलं होतंच, शाळेतल्या पेन्सिलीच्या खोडरबराने ते घासून काढलं.

दसऱ्याला आईने बॉनेटवर ओल्या कुंकवाचा स्वस्तिक काढला, हळदीची बोटं ओढली, झेंडूचा हार ग्रिलला बांधला. कुंकू मेणावर नीट बसेना, थेंब होऊन जमा व्हायला लागलं. आई जराशी नाराज झाली, मग तिने कुंकू घट्ट कालवलं. संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या लोकांनी आपट्याची पानं वायपरखाली खोचली. पेंटर काकांनी दिवा डोक्यावर येईल असं वाकून बॉनेट पाहिलं आणि काही न बोलता पान हातात दिलं. दुसऱ्या दिवशी आईने ओलं फडकं फिरवलं. स्वस्तिक निघाला, हळद निघाली, खाली काहीच राहिलं नाही. तिने मला बोलावून ती जागा दाखवली, मीच मेण लावलं आहे हे विसरून.

टपाच्या पट्ट्या मी रोज सकाळी पाहत होते. पहिले तीन आठवडे तिन्ही सारख्या. दिवाळी झाली, थंडी पडली, टपावर दव यायला लागलं तेव्हा फरक दिसला. डाव्या पट्टीत, जिथे एकच हात होता, दवाचे थेंब काही ठिकाणी गोल आणि मधेमधे पसरट, नकाशावरच्या तळ्यांसारखे. ही तळी म्हणजे माझ्या हाताने सोडलेल्या जागा. मधली आणि उजवी पट्टी मात्र कडेपर्यंत बारीक गोल थेंबांनी भरलेल्या. दोन हात आणि तीन हात यांत मला काही वेगळं करता आलं नाही. डिसेंबर लागेपर्यंत मधल्या आणि उजव्या पट्टीतलेही थेंब बसके व्हायला लागले. दोन महिने टिकलं. उघड्यावर, उन्हात ठेवलेल्या गाडीवर एवढंही टिकेलच असं नाही.

तोवर अण्णांचा नवा चष्मा आला होता. एका सकाळी ते स्टूल घेऊन टपापाशी उभे होते, दवाकडे बघत. डाव्या पट्टीतल्या एका तळ्याभोवती त्यांनी बोटाने गोल काढला, मग दुसऱ्याभोवती. "ऊन यायच्या आत पुसून घेऊ," ते म्हणाले, "आणि तो डबा काढ. किती उरलंय?"

मी काट्यावर ठेवला. 126.

"एका हाताला 11," त्यांनी मनात भागाकार केला. "फडकं मात्र धोतराचं घेणार मी."

मी मायक्रोफायबर पुढे केलं. त्यांनी ते बोटांत चुरगाळून पाहिलं, धोतराचा तुकडा पाहिला, आणि मायक्रोफायबर घेतलं. हँडलखालच्या जागेपासून त्यांनी सुरुवात केली.